बुरशीचे आजार : आधी शत्रू ओळखा, मग मलम लावा

मंडळी, बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मागे राहून गेलेला पाव, नाही तर लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी धरलेला पांढरा थर. खराब झालेले टाकून द्यावे, बरणी घासून उन्हात ठेवावी, विषय संपला. पण हीच बुरशी अंगावर, नखात किंवा फुप्फुसात शिरली की विषय इतक्या सहज संपत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी औषधांचा एक डबा असतो आणि त्यात भारतातून येताना आणलेल्या मलमांच्या दोन-चार ट्यूब असतात. लोणची-मसाल्यांबरोबर त्याही बॅगेतून येतात. अंगाला खाज सुटली की डॉक्टरची अपॉइंटमेंट घेण्याऐवजी त्यातली एखादी ट्यूब काढायची, हा आपला शिरस्ता. बुरशीच्या बाबतीत हा शिरस्ता महागात पडू शकतो. तो कसा, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी डॉक्टर नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे हा माझा व्यवसाय. तेव्हा पुढची माहिती म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. डॉक्टरकडे जाताना काय विचारावे आणि काय सांगावे एवढे जरी त्यातून कळले तरी पुष्कळ झाले. आमच्या व्यवसायातला एक साधा नियम मात्र इथेही तंतोतंत लागू पडतो : बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी, किंवा शास्त्रीय मराठीत कवक, ही ना वनस्पती ना प्राणी. तिचे स्वतंत्र राज्य आहे. पाव फुगवणारे यीस्ट, भिंतीवरची काळी बुरशी आणि पावसाळ्यात उगवणारी अळंबी हे सगळे एकाच कुळातले. त्यांना झाडांसारखे उन्हातून अन्न तयार करता येत नाही. ज्यावर वाढायचे त्यावरच पाचक रस सोडायचे आणि विरघळलेले अन्न शोषून घ्यायचे, ही त्यांची रीत. बहुतेक बुरशींना हवा लागते, ओल लागते. आपल्या आज्या लोणच्यावर तेलाचा थर राहील एवढे तेल घालत, त्याचे एक कारण हेच : तेलाखाली हवा पोचत नाही.

आजवर नोंद झालेल्या बुरशींच्या जाती लाखाहून अधिक आहेत. माणसाला आजारी पाडणाऱ्या त्यातल्या केवळ काही शे. याचे एक मोठे कारण आपले शरीर गरम असते हे आहे. ३७ अंश सेल्सिअसला बहुतेक बुरशींची वाढ खुंटते. दुसरे कारण आपली रोगप्रतिकारशक्ती. म्हणूनच बुरशीचे साधे आजार कातडी, नखे, केस अशा बाहेरच्या, जरा थंड भागांत होतात, आणि गंभीर आजार बहुधा प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना होतात. ही दोन वाक्ये लक्षात ठेवली तर पुढचे सगळे सोपे जाईल.

अँटिबायोटिक इथे का चालत नाही?

जिवाणूंची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी असते. तिच्याभोवती एका खास द्रव्याची भिंत असते, जी आपल्या पेशींना नसते. पेनिसिलीन नेमकी तीच भिंत बांधू देत नाही. त्यामुळे जिवाणू मरतो आणि आपल्याला इजा होत नाही. बुरशीच्या पेशीला तशी भिंत नसते. तिची भिंत निराळ्याच मालाची, खेकड्याच्या कवचात असते त्या कायटिनची आणि ग्लुकन नावाच्या द्रव्याची. म्हणून जिवाणूंवरचे अँटिबायोटिक बुरशीला काही करू शकत नाही. उलट, पोटातले आणि अंगावरचे निरुपद्रवी जिवाणू मेले की बुरशीला मोकळे रान मिळते. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर काही बायकांना योनिमार्गाचा यीस्टचा त्रास होतो तो यामुळेच.

गंमत अशी की १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगना सापडलेले पेनिसिलीन हे मुळात एका बुरशीचेच देणे आहे. आणि याची बरोबर उलट बाजूही आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीवरचे औषध शोधले आणि १९५० साली ते जाहीर केले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे नमुने टपालाने जात-येत. राज्याच्या नावावरून त्या औषधाला नायस्टॅटिन म्हणतात आणि ते आजही वापरात आहे. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही साठच्या दशकात अशाच एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले गेले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे.

मग बुरशीवरची औषधे इतकी कमी आणि इतकी जपून वापरण्याची का? कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या बरीच जवळची आहे. वंशवृक्ष काढला तर बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळ येते. तिला मारताना आपल्याला लागू नये, अशा जागा मोजक्याच. मुख्य जागा म्हणजे एर्गोस्टेरॉल. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात त्याऐवजी एर्गोस्टेरॉल. क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल, टर्बिनाफिन ही औषधे ते एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. गंभीर आजारात दिले जाणारे अँफोटेरिसिन त्याच एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटते. म्हणजे आपल्या हातातली बहुतेक औषधे एकाच कुलुपाच्या किल्ल्या आहेत. बुरशीने ते कुलूप बदलले की पंचाईत.

अंगावरची बुरशी

गजकर्ण किंवा नायटा, जांघेतली खाज, पायाच्या बोटांच्या बेचक्यात पावसाळ्यात होणाऱ्या चिखल्या : ही सगळी एकाच टोळीची कामे. या बुरशी केराटिनवर जगतात. केराटिन म्हणजे कातडीचा वरचा मेलेला थर, केस आणि नखे ज्याची बनतात ते द्रव्य. गजकर्णाचा चट्टा गोल असतो, कड लालसर, उठलेली आणि खवल्यांची, मधला भाग जरा निवळलेला. इंग्रजीत त्याला रिंगवर्म म्हणत असले तरी जंताचा त्याच्याशी काही संबंध नाही. बुरशी एका जागी धरते आणि चहूबाजूंनी सारखी पसरत जाते, म्हणून वर्तुळ.

घामट, घासणारी, हवा न लागणारी जागा तिला आवडते. भारतात परकराच्या नाडीखाली होणारे गजकर्ण आपल्या आयांना ठाऊक असते. इकडे घट्ट जीन्स, दिवसभर बुटात कोंडलेले पाय, जिमच्या शॉवरची ओली फरशी आणि शाळेच्या कुस्तीच्या गाद्या तेच काम करतात. घरात नवीन आणलेल्या मांजराच्या पिल्लापासूनही मुलांना गजकर्ण होऊ शकते.

शिबे ही निराळी. छातीवर, पाठीवर, खांद्यावर फिकट किंवा तपकिरी डाग येतात. ती बुरशी आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहते, उष्मा आणि घाम वाढला की माजते. ती एकाची दुसऱ्याला होत नाही. बुरशी गेली तरी डागांचा रंग भरून यायला काही महिने लागतात. तेवढ्यात औषध लागू पडले नाही असे समजू नये.

साध्या गजकर्णावर आणि चिखल्यांवर इकडच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारे क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचे मलम बहुधा पुरते. मात्र दोन पथ्ये हवीत. मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे बोटभर निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही लावावे. आणि खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये. वेष्टनावर सांगितलेली मुदत, जी औषधाप्रमाणे एक ते चार आठवडे असते, ती पुरी करावी. खाज आधी जाते, बुरशी मागाहून.

लसूण किंवा लिंबू चोळण्याचा घरगुती उपाय मात्र टाळावा. त्याने कातडी भाजते. टाकळ्याला आयुर्वेदात दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे नाव आहे. पूर्वजांना हा आजार चांगला ओळखता येत होता एवढे त्यावरून नक्की कळते. पण आज खात्रीची औषधे हाताशी असताना पाला शोधत बसण्याचे कारण नाही.

बॅगेतली ट्यूब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. भारतात खाजेवर खपणाऱ्या कितीतरी मलमांत एकाच ट्यूबमध्ये तीन-तीन, चार-चार औषधे असतात : एक बुरशीवरचे, एक-दोन जिवाणूंवरची आणि एक जोरदार स्टेरॉइड. आराम पडतो तो बहुतांशी स्टेरॉइडमुळे, आणि तोच घात करतो.

चट्टा लाल होणे, खाजणे ही आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध दिलेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाई थांबवते. लाली जाते, खाज जाते, दोन दिवसांत "गुण आला" असे वाटते. आणि अडवणारे कोणी नसल्याने बुरशी खुशाल पसरते. फोडणी जरा जळली की आपल्या अपार्टमेंटमधला स्मोक अलार्म कोकलू लागतो. त्याची बॅटरी काढली तर घर शांत होते, पण खरोखरची आग असेल तर ती विझत नाही. मलम थांबवले की चट्टा दुपटीने उसळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. असे काही महिने चालले की गजकर्णाची गोल कड पुसट होते, चट्टे वेडेवाकडे होतात आणि डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाहीत. शिवाय कातडी पातळ होते. जांघेत, काखेत कायमचे वळ उमटतात. लहान मुलांच्या नाजूक कातडीतून, विशेषतः डायपरखाली, स्टेरॉइड अंगात शोषले जाण्याचा धोका अधिक.

म्हणून ट्यूब उघडण्यापूर्वी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटॅसॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन : यांपैकी एकही नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. ही औषधे वाईट नव्हेत. एक्झिमासारख्या आजारात डॉक्टर तीच देतात. पण बुरशीवर ती स्वतःच्या मनाने लावण्याची नव्हेत. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून भारत सरकारनेही २०१८ साली नियम कडक केले. मिश्र मलमे केवळ भारतातच असतात असेही नाही. अमेरिकेतही क्लोट्रिमॅझोल आणि बीटामेथासोन यांचे मिश्रण चिठ्ठीवर मिळते. तेव्हा कुठल्या देशाची ट्यूब, यापेक्षा ट्यूबमध्ये काय आहे, हे महत्त्वाचे.

कुलूप बदललेली बुरशी

गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्णाचे रूपच बदलले आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा आजार महिनोन् महिने राहू लागला, घरातल्या सगळ्यांना होऊ लागला. यामागच्या एका बुरशीला २०२० साली स्वतंत्र नाव मिळाले : ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. हिच्या अनेक वाणांत एक जनुक बदललेले असते आणि टर्बिनाफिन ज्या जागी बसून काम करते ती जागाच बदलते. मघाचे कुलूप आठवा. अशी बुरशी फैलावण्यात मिश्र मलमांच्या आणि अर्धवट उपचारांच्या बेसुमार वापराचा हात असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे.

हे लोण अमेरिकेतही पोचले आहे. न्यूयॉर्क शहरातल्या दोन स्त्री रुग्णांची माहिती अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. या बुरशीची या देशात नोंदवली गेलेली ती पहिली प्रकरणे. त्यातली एक बांगलादेशाला जाऊन आली होती. दुसरी अलीकडे परदेशी गेलीच नव्हती, म्हणजे तिला संसर्ग इकडेच झाला असणार. ती इट्राकोनॅझोलच्या गोळ्यांनी बरी झाली. अशा वेळी नुसते मलम पुरत नाही. तोंडाने घ्यायची औषधे लागतात, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली.

इथे आपली जबाबदारी एकच. गजकर्ण बरे होत नसेल तर डॉक्टरला आपण होऊन सांगावे : मी भारतात अमुक महिन्यात जाऊन आलो, माझ्याकडे पाहुणे आले होते, मी ही ट्यूब इतके दिवस लावली. रिकामी ट्यूबही बरोबर न्यावी. आणि विचारावे, "खरवडून तपासता येईल का?" कातडीचे थोडे खवले काढून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. कातडी विरघळते आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. तपासणी अगदी साधी आहे आणि तिने अंदाजपंचे उपचारांचे पुढचे कित्येक महिने, आणि डॉलरही, वाचतात. तपासणीच्या आधी काही दिवस मलम लावावे की थांबवावे, हे दवाखान्यात फोन करून विचारावे.

नखे आणि डोके

या दोन जागी मलम पुरेसे पोचत नाही. नखाची बुरशी औषधाने मेली तरी खराब नख चांगले होत नाही. नवे नख उगवावे लागते. हाताचे नख पुरते यायला साधारण सहा महिने, पायाच्या अंगठ्याचे यायला वर्ष ते दीड वर्ष. टर्बिनाफिनच्या गोळ्या हाताच्या नखांसाठी सहा आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे देतात. मात्र जाड, पिवळे झालेले प्रत्येक नख बुरशीचेच असते असे नाही. सोरायसिसने किंवा बुटाच्या दाबानेही तसे होते. म्हणून आधी तपासणी, मग गोळ्या.

मुलाच्या डोक्यात केस तुटलेला, खवल्यांचा चट्टा दिसला तर तो बुरशीचा असू शकतो. बुरशी केसाच्या मुळाशी गेलेली असल्याने तिथे पोटात घ्यायचेच औषध लागते. कोंडा समजून तेल थापत बसू नये.

मातीतून फुप्फुसात

कातडीचे झाले. काही बुरशी मात्र श्वासावाटे आत जातात आणि त्या या देशाच्या मातीतल्याच आहेत. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यात पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा असते. ॲरिझोनात आणि कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात कॉक्सिडिऑइडिस असते. तिच्यामुळे होणारा आजार म्हणजे व्हॅली फीव्हर. फीनिक्स, टूसान, बेकर्सफील्ड भागातल्या वाचकांना हे नाव परिचित असेल.

कोरडी माती उकरली गेली, वाऱ्याने उडाली की बुरशीचे बीजाणू हवेत जातात. जानेवारी १९९४ मध्ये लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला, डोंगरउतारांवरून माती घसरली, धुळीचे ढग उठले. त्यानंतरच्या आठवड्यांत शेजारच्या व्हेंच्युरा काउंटीत व्हॅली फीव्हरचे २०३ रुग्ण सापडले आणि तिघे दगावले.

ज्यांना लागण होते त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना काहीच जाणवत नाही. उरलेल्यांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, रात्री घाम, सांधेदुखी आणि विलक्षण थकवा येतो. बहुतेक जण आपोआप बरे होतात. पण थोड्यांना फुप्फुसाचा दीर्घ आजार जडतो आणि सुमारे शंभरात एकाला तो शरीरात इतरत्र पसरतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. अडचण ही की तो साध्या न्युमोनियासारखा दिसतो, डॉक्टर अँटिबायोटिक देतात आणि गुण येत नाही. आपल्यासारख्या भारतातून आलेल्यांच्या एक्स-रेवर डाग दिसला की संशय आधी क्षयाचाही येतो, आणि तो तपासायलाच हवा. पण न्यू जर्सीत राहणारे कुटुंब सुट्टीत ॲरिझोनाला जाऊन आले असेल आणि खोकला हटत नसेल, तर प्रवासाची गोष्ट आपणच काढली पाहिजे. "व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करावी का?" हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

मधुमेह असलेल्या आई-वडिलांसाठी

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत भारतात "काळी बुरशी" घरोघरी ऐकू आली. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यात महाराष्ट्रातले सर्वांत जास्त होते. या आजाराचे नाव म्युकरमायकोसिस. बुरशी काळी नसते; ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेला भाग काळा पडतो. तिचे बीजाणू सगळीकडेच असतात आणि धडधाकट माणसाला बहुधा काही करत नाहीत. रक्तातली साखर हाताबाहेर गेली आणि त्यात स्टेरॉइडची भर पडली की तिचे फावते. त्या लाटेत दोन्ही एकदम जमून आले.

तेव्हा आई-वडील इकडे राहायला आले असता मधुमेह ताब्यात ठेवणे हाच बुरशीपासूनचा पहिला बचाव. चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा सुजणे, नाकातून काळसर स्राव, एकाचे दोन दिसणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत न्यावे. त्यांच्यासाठी घेतलेल्या प्रवासी विम्यात आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च बहुधा वगळलेला किंवा मर्यादित असतो. तो मजकूर विमा घेतानाच वाचावा. बुरशीवरच्या गोळ्या रक्त पातळ ठेवणाऱ्या, कोलेस्टेरॉलच्या आणि इतर काही औषधांशी जुळत नाहीत, यकृत आणि हृदय कमजोर असलेल्यांना काही गोळ्या वर्ज्य असतात. म्हणून ते घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरला द्यावी. आयुर्वेदिक औषधेही त्यात लिहावीत.

थोडक्यात

आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या, जांघा, काखा कोरड्या कराव्यात. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा. घामाचे कपडे पुन्हा घालू नयेत; घरात गजकर्ण असेल तर कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन पुरत्या वाळवाव्यात. एकाला झाले असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारावे, लाजेने कोणी लपवत असेल तर त्याच्याकडूनच ते पुन्हा घरात फिरते. साधे मलम सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावूनही फरक नसेल, चट्टा चेहऱ्यावर किंवा डोक्यात असेल, किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टर गाठावा.

आणि हा अंक खाली ठेवल्यावर एक काम आजच करा. औषधांचा डबा काढा, प्रत्येक ट्यूबवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा, स्टेरॉइड असलेल्या ट्यूबा बाजूला काढा. त्यांचे काय करायचे ते पुढच्या भेटीत डॉक्टरला विचारा. भारतातून कोणी येणार असेल तर त्यांना आवर्जून सांगा : चकल्या आणा, मेतकूट आणा, मलम मात्र राहू द्या.